बेळगावात परसबागेत हार्डी प्रिमरोज टिकेल का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडातल्या लीड्सची बहीण दिवाळीला येताना ‘हार्डी’ म्हणजे थंडी सोसणाऱ्या प्रिमरोज या तिकडच्या फुलझाडाचं बी आणणार आहे, ते अनगोळातल्या घरामागं वाफ्यात टाकलं तर गुलाबासारखं वर्षानुवर्षं राहील का.

वाफ्यात नाही राहणार. कुंडीत मात्र थंडीच्या दिवसांत फुलवता येतं, आणि निगा राखली तर एखाददुसरं रोप पावसाळा ओलांडून पुढच्या हंगामापर्यंत नेता येतं.

पाकिटावरचं हार्डी बर्फाच्या हिशेबानं असतं. इंग्लंडातला रानटी फिकट पिवळा प्रिमरोज उणे २० अंशांखालीही जमिनीत तग धरतो. पण आपल्याकडं बर्फ कुठला? आपली अडचण मार्च-एप्रिलची. पारा ३५-३६ वर गेला की कुंडी ओली असतानाही हे झाड दुपारी माना टाकतं. शिवाय या रानटी जातीला कळ्या धरायला काही आठवडे चांगली थंडी लागते. आपल्या डिसेंबर-जानेवारीतल्या १३-१४ अंशांच्या रात्री तिला पुरतीलच असं नाही. नुसता पानांचा गड्डा होऊन बसतो.

म्हणून बहिणीला हार्डीपेक्षा प्रिमरोजच्याच कुळातली प्रिम्युला मॅलकॉइड्स बघायला सांगा. ही मूळची चीनच्या युन्नानकडची. बारीक दांड्यावर मजल्यामजल्यानं गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि एका हंगामापुरतीच लावायची असल्यामुळं उन्हाळ्यात गेली तरी जीव तुटत नाही. त्याच कुळातली ऑबकोनिकाही चालते, पण तिच्या जुन्या वाणांच्या पानांवरच्या लवेत प्रिमिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं काहींच्या हाताला खाज सुटून पुरळ उठतं. प्रिमिन नसलेले वाण निघालेत, तेच घ्यावेत.

पेरणीचा महिना ऑगस्ट. हे ऐकून लोक हसतात, थंडीचं फूल आणि भर पावसात पेरायचं! पण बेळगावात दिवसा सगळ्यात गार असतं ते याच महिन्यात. दुपारीसुद्धा पारा २५-२६ च्या पुढं क्वचित जातो, तर ऑक्टोबरात ऊन पुन्हा चटकतं. गरमीत हे बी नीट उगवत नाही. बी अगदी बारीक, मोहरीपेक्षाही लहान. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि हलकं दाबायचं. वरून माती लोटायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. ट्रेवर काच ठेवून पडवीत, पावसाची झड लागणार नाही तिथं ठेवा. दोन-चार आठवड्यांत कोंब दिसतात, आणि फुलं यायला पाच-सहा महिने. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. बी दिवाळीत हातात पडलं तर लगेच पेरू नका, कळ्या येतील तेव्हा नेमका चैत्र असेल. कोरड्या हवाबंद बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि ऑगस्टात काढा. यंदाच फुलं बघायची असतील तर डिसेंबरात नर्सरीतून कळ्या धरलेलं रोप आणायचं, दुसरा उपाय नाही.

आता सावलीचं. इंग्लंडात हे फूल रानाच्या कडेनं, कुंपणाच्या बांधावर येतं. तिथं वसंताच्या सुरवातीला झाडं उघडी असतात, त्यामुळं फुलताना त्याला ऊन मिळतं आणि पुढं गरमी वाढते तेव्हा वर पालवीचं छप्पर तयार होतं. आपल्याकडं सगळं उलटं. देवचाफा, सावर, साग ऐन फेब्रुवारी-मार्चात बोडके होतात, सावली हवी तेव्हाच जाते. म्हणून पानगळीच्या झाडाखाली ठेवायचंच नाही. आंबा किंवा फणस बघा. पण त्यांच्या बुडात लावू नका, मुळं सगळी ओल ओढून घेतात. कुंडी तेवढी सावलीला ठेवायची. सकाळचं दहापर्यंतचं ऊन चालतं.

कुंडी मातीचीच घ्या, खानापूरची मिळाली तर उत्तम. तिच्या अंगातून पाणी पाझरून उडतं आणि मुळं गार राहतात; प्लॅस्टिकच्या कुंडीत ती शिजतात. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा आणि जुनं शेणखत सारखं घ्यायचं, वर मूठभर भाताचं तूस. गोकाक-सौंदत्तीकडची काळी माती नको, ती चिकट होते आणि सुकली की भेगाळते. पाणी बुडाशी, सकाळी. मधल्या गाभ्यात पाणी साचलं की गाभा कुजतो, आणि एकदा तिथून वास यायला लागला की झाड गेलंच समजा.

रोप पुढच्या हंगामापर्यंत न्यायचं असेल तर फुलं संपली की दांडे कापा आणि कुंडी घराच्या उत्तरेला हलवा, मोठ्या कुंडीत ओली वाळू घालून तिच्यात बसवा. पानं आक्रसतील. घाबरून पाण्याचा मारा करू नका. पावसाळ्यात पत्र्याखाली, पण वळचणीची धार पडेल तिथं नको. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्या लागतात, त्यांना ही कोवळी पानं भलती आवडतात. गड्डा फुटून दोन-तीन झाले असतील तर जुलैत वेगळे करा.

बी धरायची हौस असली तर रानटी प्रिमरोजच्या किंवा त्याच्यासारख्या जातीच्या फुलाच्या तोंडात डोकावून बघा. काही रोपांच्या फुलात मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा हिरवा ठिपका दिसतो, काहींत त्या जागी परागकोशांचं कडं. डार्विननं १८६२ मध्ये यावर निबंध लिहिला होता. दोन्ही प्रकारची रोपं जवळ असली तर बी चांगलं धरतं, एकाच प्रकारची असली तर फार थोडं.

आणि बी बहिणीच्या पर्समधून तसंच येऊ देऊ नका. परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर काढून घेतलं तर कुरकुरायला जागा नाही. त्यापेक्षा मॅलकॉइड्सचं बी इथल्या बियाणेवाल्याकडं मागून बघा.