पाठपोट छपाई : लांब कड की आखूड कड?

प्रश्न असा आहे : वर्डमधून कागदाच्या दोन्ही बाजूंना छापताना 'फ्लिप ऑन लाँग एज' आणि 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' असे दोन पर्याय येतात. त्यांना मराठीत काय म्हणावे? आणि अशा छपाईला 'पाठपोट' म्हटलेले चालेल का?

पाठपोट हाच शब्द वापरावा. झेरॉक्सच्या दुकानात तो रोज ऐकू येतो; त्याच्या जागी 'द्विपार्श्वी मुद्रण' घडवण्याचे काही कारण नाही. कागदाला पाठ असते हे मराठीला नवे नाही. एकाच बाजूने छापलेला कागद पाठकोरा असतोच. संस्कृत 'पृष्ठ' म्हणजेही पाठ, आणि आपली 'पाठ' त्यातूनच आली. त्यामुळे निदान छपाईच्या सूचनांत तरी पान म्हणजे अख्खा कागद आणि पृष्ठ म्हणजे त्याची एक बाजू हा भेद पाळावा. 'पाठोपाठ छापा' असे मात्र लिहू नये. त्याचा अर्थ एकामागून एक.

पर्यायांची नावे 'लांब कडेवर उलटा' आणि 'आखूड कडेवर उलटा' अशी सरळ ठेवावीत, कारण प्रिंटरला कडाच कळतात. घोटाळा होतो तो वाचक पान कसे उलटणार याचा विचार न केल्याने. उभे ए4 (210 × 297 मिमी) पुस्तकासारखे उलटायचे असेल तर लांब कड. तेच भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे वर उलटायचे असेल तर आखूड. आडव्या पानाला हे नेमके उलटे होते : पोथीसारखे खालून वर उलटायचे तर लांब कड, पुस्तकासारखे उलटायचे तर आखूड. निवड चुकली की मागचा मजकूर डोक्यावर उभा राहतो. म्हणून दुकानदाराला कडा सांगण्यापेक्षा 'पुस्तकासारखी पाठपोट' किंवा 'कॅलेंडरसारखी पाठपोट' म्हणावे. काम बिनचूक होते.

सर्वांत जास्त कागद मधोमध दुमडायच्या पुस्तिकेत वाया जातो. वर्डच्या पेज सेटअपमध्ये 'बुक फोल्ड' निवडले की ए4 आडवा होतो आणि त्यावर ए5ची, म्हणजे निम्म्या आकाराची, दोन-दोन पृष्ठे बसतात. 16 पृष्ठांना 4 कागद लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदावर 16 व 1, त्याच्या पाठीवर 2 व 15. इथे आखूड कडच हवी. लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच मोफत प्रणालीत हीच सोय छपाईच्या खिडकीत 'ब्रोशर' नावाने आहे.

साध्या पाठपोट पुस्तकाला 'मिरर मार्जिन्स' लावावेत, म्हणजे डावा-उजवा समास जाऊन आतला आणि बाहेरचा समास येतो. 'गटर'ला 'बांधणीची जागा' म्हणावे. ती आतल्या समासात मिळवली जाते : समास 2 सेमी आणि बांधणी 1 सेमी असेल, तर आत 3 सेमी कोरे राहतात.

प्रिंटरला आपोआप पाठपोट येत नसेल, तर आधी विषम आणि मग सम पृष्ठे छापावीत. एकूण पृष्ठे विषम असतील, तर शेवटचे पान दुसऱ्या फेरीपूर्वी गठ्ठ्यातून काढून ठेवावे, कारण त्याच्या पाठीवर छापायला काहीच नसते. ते आत राहिले आणि गठ्ठ्यात आधी ओढले गेले, तर पुढची सगळी सम पृष्ठे एका कागदाने सरकतात. गठ्ठा कोणत्या बाजूने परत घालायचा हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते; एका कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून आधी 4 पृष्ठेच छापून पाहावीत. लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद उष्णतेने वळतो आणि लगेच परत घातला तर अडकतो. गठ्ठा सपाट ठेवून निवू द्यावा.