परदेशी कंपनी, इथला कारखाना: वाचकांचे प्रश्न

चाकण, रांजणगावच्या जपानी-जर्मन कंपन्यांमधून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून या वेळी एकत्र उत्तरे देतो.

प्रश्न: मुख्यालयाची जागतिक तक्रार-हॉटलाइन आहे. मग लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी इथे वेगळी समिती हवी का?

उत्तर: हवीच. कर्मचारी १० किंवा जास्त असतील, तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. ‘मुख्यालयाची मंजुरी यायची आहे’ ही सबब चालत नाही. याच आठवड्यात वकिलांना गाठा.

प्रश्न: सकाळचा सामूहिक व्यायाम सक्तीचा करावा का?

उत्तर: नको. कंबर-गुडघे दुखणाऱ्यांना सूट द्या, आणि तो वेळ कामाच्या तासांत धरायचा का, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून लेखी घ्या.

प्रश्न: आमच्या जपानी कंपनीने उत्पादनाची लाइन थांबवायची दोरी लावली; दोष दिसला की कामगाराने ती ओढायची. वर्ष झालं, कोणी ओढत नाही. एचआर म्हणतं, आपल्या लोकांना ते जमत नाही.

उत्तर: हे ऐकून ऐकून मी थकलो आहे, आणि ते साफ चूक आहे. टोयोटाच्या पद्धतीत दोरी ओढली की आधी दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष सुटला नाही, तरच लाइन थांबते. तुम्ही दोरी आणलीत, पण धावत येणारा माणूस तयार केलात का? एका प्लांटमध्ये माझ्यासमोर नव्या पोराने तिरका बसलेला बोल्ट पाहून दोरी ओढली. सुपरवायझर आला तोच ओरडत, “टार्गेट कोण भरणार?” शेजारच्या चौघांनी माना खाली घातल्या. त्या लाइनवर पुन्हा कोणाचा हात वर जाणार? त्यातून तो पोरगा कंत्राटी. जपानमध्ये ही पद्धत कायम नोकरीच्या भरवशावर वाढली. इथे ज्याला उद्या गेटवर अडवतील, तो दोष दाखवून विषाची परीक्षा कशाला घेईल? हरियाणातल्या मानेसरच्या मारुती सुझुकीत जुलै २०१२ मध्ये हिंसाचार झाला, एका एचआर अधिकाऱ्याचा जीव गेला. त्याआधी वर्षभर तिथे युनियनची मान्यता आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न धुमसत होता. म्हणून आधी सुपरवायझर घडवा, दोरी ओढणाऱ्याचे सर्वांसमोर आभार माना, आणि कंत्राटांची घडी अनुभवी सल्लागाराकडून तपासून घ्या.

प्रश्न: एक संस्था दोन दिवसांत ‘जपानी वर्क कल्चर’ शिकवून सर्टिफिकेट देते. घ्यावं का?

उत्तर: पैसे वाया घालवू नका. त्यापेक्षा शॉप फ्लोअरवर चांगला दुभाषी ठेवा. साहेबांचं बोलणं जपानीतून इंग्रजीत, तिथून हिंदीत येईपर्यंत ‘का करायचं’ ते गळून जातं. दुभाषी निवडताना युनियनच्या माणसालाही विचारा.