हार भिंतीला, कुंकू कव्हरला

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आणि आसपासच्या वाचकांचे कामावरच्या सुरक्षेचे हे प्रश्न. नवरात्र तोंडावर आलंय, त्यामुळे सगळ्याच पत्रांना झेंडूचा वास आहे.

प्रश्न : आमच्याकडे चार लेथ, दोन ड्रिल, एक ग्राइंडर आहे. दसऱ्याला प्रत्येक मशीनला हार घालतो. यंदा माल घेणाऱ्या कंपनीचा सेफ्टीवाला म्हणाला, हार बंद. पूजेला आडवी येणारी ही कसली सुरक्षा?

उत्तर : पूजा करा, हारही आणा, फक्त जागा बदला. जे फिरतं त्याला हार नको. लेथवर जॉब पकडून फिरणारा चक, ड्रिलचा फिरता दांडा म्हणजे स्पिंडल, पुली, सगळं त्यात आलं. ५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ५०० फेऱ्यांना, चक सेकंदाला आठाहून जास्त फेरे घेतो. दचकून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात दोन फेरे झालेले असतात. हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला असेल तर तो तुटत नाही, गुंडाळला जातो आणि सोडवायला गेलेली बोटंही सोबत नेतो. म्हणून हार मशीनमागच्या भिंतीवर, खिळ्याला. कुंकवाचं बोट हेडस्टॉकच्या, म्हणजे चकमागच्या पेटीच्या, कव्हरवर.

लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब पाट्यावर, हळद-कुंकू उधळू नका. तेलात कालवून त्याचा चिखल होतो आणि बेडवर सरकणाऱ्या सॅडलच्या वायपरखाली जाऊन बसतो. नारळ बाहेर दगडावर फोडा. पाणी बेडच्या बिडावर सांडून राहिलं तर गंज ठरलेला. ग्राइंडरच्या व्हीलवर पाणी मुळीच ओतू नका. व्हील सच्छिद्र असतं. ते उभं असताना पाणी खालच्या बाजूला उतरतं, तोल जातो आणि चालू करताच थरथर सुरू होते. विजेच्या पॅनेलचं दार कुंकू लावायला उघडायचं नाही. निरांजन थिनरच्या डब्यापासून आणि तेलकट कॉटन वेस्टपासून चांगलं लांब, आणि शेजारी एक माणूस ते विझेपर्यंत.

क्रम असा ठेवा. आदल्या संध्याकाळी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा. किल्ली एकाच्याच खिशात. मग सफाई. बर, म्हणजे धातूचा कीस, आकड्याने आणि ब्रशने काढा, हवेच्या पाइपने उडवू नका, ती डोळ्यात जाते. दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्यानेच सगळं मोकळं झाल्याचं बघायचं. चक आवळायची चावी चकमध्ये न राहता जागेवर आहे ना? गिअर न्यूट्रलला टाकून स्पिंडल हाताने एक फेरा फिरवा, मग सर्वांत कमी वेगाने सुरू करा. विसरलेली चावी हारापेक्षा घातक. ती गोळीसारखी सुटते.

प्रश्न : मनगटावरचा लाल धागा काढायला सांगतात. काढावा का?

उत्तर : लेथ-ड्रिलवर हो. दंडाला बांधा, बाहीच्या आत. अंगठी आणि कडंही काढा. ड्रिलवर हातमोजेसुद्धा नकोत, हे नव्या मुलांना पटत नाही, पण धाग्याचं कारण तेच हातमोज्याचं.

प्रश्न : मुलं गरब्याहून रात्री एकला येतात आणि सकाळी सातला पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर हजर. नऊ दिवस काय करायचं?

उत्तर : सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सलग १७ तास जागा असतो. तेव्हा त्याचं लक्ष आणि हालचाली रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतपत मंदावलेल्या असतात. त्यानंतर तो नाचणार, चार तास झोपणार आणि प्रेसवर उभा राहणार. रागावून उपयोग नाही, शिफ्ट बदला. गरबा खेळणारे दुपारच्या पाळीत, न खेळणारे सकाळी. अदलाबदल शक्य नसेल तर प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट त्यांच्याकडून काढून पॅकिंग द्या. जेवणाच्या सुट्टीत चहा पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटू द्या, चहाचा परिणाम यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर पाच मिनिटं चालून मगच काम.

प्रश्न : हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवरच्या कामगाराचा नऊ दिवस उपास आहे.

उत्तर : पाणी चालत असेल तर दर वीस मिनिटांनी एक पेला, मधूनमधून सैंधव घातलेलं ताक. निर्जळी असेल तर भट्टीवरून हलवा, यात तडजोड नाही. मधुमेहाचं औषध घेणाऱ्याने उपासाआधी डॉक्टरांना विचारावं. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ लावा.

प्रश्न : दसऱ्याचं फाफडा-जिलेबी वर्कशॉपमध्येच खाल्लं तर बिघडतं का?

उत्तर : कूलंट, म्हणजे मशीनवरचं थंड करायचं तेल-पाणी, लागलेल्या हाताने खाणं वाईट. आधी हात साबणाने धुवा, थिनरने नव्हे. खाऊन झाल्यावरही धुवा. पाकाच्या हाताने मापाचा व्हर्नियर धरलात, तर पुढचं माप जिलेबीसकट येईल.