पोर्शे ९४४ चे पुढचे स्ट्रट माउंट
अरे भावा, पुढून खटखट आली म्हणजे शॉकअपच गेला असं नसतं. बॉनेट उघड, कोणालातरी स्टेअरिंग फिरवायला सांग आणि स्ट्रट माउंटवर (शॉकअप-स्प्रिंगचं वरचं टोक बॉडीला धरणारा रबर-बेअरिंगचा भाग) बोट ठेव, स्प्रिंग अडकून टणकन सुटली तर बेअरिंग गेलंय. १९९१ ला बंद झालेली गाडी आणि आपले मुंबईचे खड्डे, रबर टिकणार तरी किती!

बदलताना दोन्ही बाजूंचे बदल. आणि स्प्रिंग कंप्रेसरने नीट दाबल्याशिवाय मधला नट अजिबात खोलायचा नाही, मस्करी नाही ही, स्प्रिंग सुटली तर थोबाड फुटेल. स्ट्रटच्या खालच्या टोकाला जो कॅम बोल्ट आहे, त्याला आधी पेंटने खूण कर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथेच सेट होतो. ब्रेक होसवर वजन लटकवू नकोस. नंतर अलाइनमेंट करावंच लागतं, नायतर टायर खाईल.