जेवण निवतं, पिक्चर ठरत नाही

प्रश्न : शनिवारी रात्री आम्ही चौघं टीव्हीपुढे बसतो. सासूबाई, हे, दहा वर्षांचा मुलगा आणि मी. काय बघायचं यावरच पाऊण तास जातो आणि खिचडी गार होते. काय करावं?

उत्तर : ताई, आमच्याकडेही हेच चालायचं. शेवटी मी रिमोट फ्रिजवर ठेवला! आता निवड दुपारीच होते, तीही पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा. इतरांनी वीस मिनिटं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

सुरुवात परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’पासून (2014) करा. जेमतेम दीड तासाचा आहे. पंढरपूर, जत्रेची गर्दी आणि लाडकी सायकल विकली जाऊ नये म्हणून बांगड्या विकायला बसलेली पोरं. आमच्या आईंना पंढरपूर दिसलं आणि त्यांनी निवडायला घेतलेली मेथी तशीच मांडीवर राहिली. पुढच्या शनिवारी मोकाशींचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा, त्यातले दादासाहेब फाळके मुलाला आवडतील.

मालिका मात्र शनिवारी नको. ‘एकच भाग’ म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो, हा माझाच अनुभव. आणि खिचडी आधी खाऊन घ्या हो!