‘रोनाल्डो आला नाही तर निम्मे पैसे परत’ : त्या एका ओळीचे कायदेशीर मोल

कुडाळच्या एका वाचकांनी २२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याला झालेल्या एफसी गोवा विरुद्ध अल नासर (रोनाल्डोचा सौदी क्लब) या फुटबॉल सामन्याची चार तिकिटे मडगावच्या एका माणसाकडून तिप्पट दराने घेतली. रोनाल्डो भारतात आलाच नाही. आता यजमान गोवा क्लबवर दावा लावता येईल का, असे ते विचारतात. अशी पत्रे मला वरचेवर येतात.

क्लबकडून काही मिळेल असे मला वाटत नाही. तिकीट सामन्याचे होते, एका खेळाडूचे नव्हते, आणि सामना झाला. रोनाल्डोच्या थोरवीविषयी आपण लिहिलेली दोन पाने मी आवडीने वाचली; २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरलेल्या गोव्याच्या संघाकडे लोकांनी पाहुण्यापायी दुर्लक्ष केले, हे आपले दुःख माझेही आहे. पण दाव्याला त्याचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिलेल्या वाक्याचा. विक्रेत्याने व्हॉट्सॅपवर ‘रोनाल्डो आला नाही तर निम्मे पैसे परत’ असे लिहून दिले होते. क्लबने न दिलेली हमी या माणसाने स्वतःच्या नावावर दिली, आणि तीच आपली केस आहे. ही पैज होती, म्हणून करार निरर्थक आहे, असा बचाव तो घेईल. दिलेल्या किमतीचाच काही भाग परत मागणे म्हणजे पैज नव्हे, असे माझे मत आहे, तरी न्यायालय काय म्हणेल याची खात्री देता येत नाही.

आणि तो संदेश असलेला फोन आपण भाच्याला देऊन टाकलात! स्क्रीनशॉट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला तर ते देणे सोपे जाते. तो आजच परत मागवा, रीसेट करू देऊ नका, आणि यूपीआयची नोंद असलेला खातेउतारा बँकेकडून शिक्क्यासह घ्या.

त्यानंतर विक्रेत्याला नोंदणीसह स्पीड पोस्टाने मागणीची नोटीस पाठवा. तो धंदा म्हणून तिकिटे विकत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, मडगावला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एखाद्याच वेळी विकली असतील, तर मात्र दिवाणी दावा, आणि तिथे तारखांवर तारखा पडतात. ग्राहक तक्रारीसाठी त्याच कायद्याच्या कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत सामन्याच्या दिवसापासूनच मोजा. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून आधीच उशिरा जागे झालेल्या माणसाने आणखी थांबू नये.

टोळीने अनधिकृत तिकीटविक्री करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ खाली गुन्हा आहे. पण त्या माणसामागे टोळी होती याचा पुरावा आपल्या पत्रात नाही, म्हणून नोटिशीत पोलिसांची धमकी घालू नका.