ओआरएस देऊनही मूल मलूल का?

प्रश्न : धारावीत दवाखाना आहे. पावसाळ्यात जुलाबाची मुलं वाढतात. ओआरएस लिहून देतो, तरी काही जण दोन दिवसांनी जास्तच मलूल होऊन येतात. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा पाणी मोजण्यात. २०.५ ग्रॅमचं अख्खं पाकीट १ लिटर पाण्यात एकदमच विरघळवायचं. घरी पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट पडतं. द्रावण घट्ट होतं, सोडियम चढतं, जुलाबही वाढतात. म्हणून लिटरची बाटली हातात धरून दाखवा. उरलेलं २४ तासांनी ओतून टाकायचं. केमिस्टकडची खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, हेही सांगाच.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलांना १०० ते २००. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं. डोळे खोल गेलेत, पोटावर चिमटा काढून सोडला की कातडी सावकाश पूर्ववत होतेय, पण मूल पितंय? मग दवाखान्यातच बसवून ४ तासांत किलोमागे ७५ मिली. पीत नसेल किंवा गुंगीत असेल तर सलाइनसाठी ताबडतोब रुग्णालयात.

झिंक १४ दिवस : २ ते ६ महिने १० मिग्रॅ, पुढे २०. जुलाब थांबले की घरचे गोळी बंद करतात; तसं करायचं नाही, हे आधीच बजावा. अंगावरचं दूध, मऊ वरणभात चालूच. अँटिबायोटिक शौचात रक्त किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तरच.